एक नट बदलायचा नाय

६ सप्टेंबर, शनिवार

सासूबाईंनी आज अट घातली. गणपती विसर्जनाला निघायच्या आधी, आरतीचं ताट हातात धरून, चार शेजारी ओट्यावर उभे असताना. म्हणजे मला तोंड उघडायला जागाच नको.

"दसऱ्याला ह्यांची मोटारसायकल शिवेपल्याड गेली पायजे. गेली, तर तुमी पण खुशाल जा नाशिकला. सुप्रियाला न्या, पोरीला न्या, मी अडवणार नाय. पण गाडी हाय तशी. त्यांच्या हातचं काय बदलायचं नाय. एक नट बदलायचा नाय."

एकोणीस वर्षं बंद पडलेली गाडी! सासरे गेले तेव्हापासून गोठ्यात उभी आहे. कर्जतचे दोन आणि खोपोलीचा एक मेकॅनिक बघून गेले, तिघांनीही मान हलवली. आणि मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अडला हरी.

लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. साजगावची कंपनी बंद पडली त्याला दोन वर्षं झाली. वीस वर्षं लेथवर काढली, केसाएवढा फरक बोटानं ओळखायचो. आता म्हशींचं शेण काढतो. शेलूला आमच्या घराच्या जागी सात मजली बिल्डिंग उभी आहे, त्यामुळे माघारी जायला गाव नाही. कडावात सासूबाईंचं घर, सासूबाईंच्या म्हशी, बायकोची दूध डेअरी. मी 'इंदूबाईचा जावई'. दहा वर्षांपूर्वी साजगावची खोली सोडून इथं राहायला आलो, कंपनीत इथूनच जायचो. दत्ता हे नाव इथं दहा वर्षांत फार तर पोस्टमननं घेतलं असेल. कुणी वाईट वागवत नाही, हीच तर पंचाईत आहे. भांडायला कारण पण मिळत नाही.

जितेश साजगावला माझ्याच पाळीत होता. नाशिकला त्यानं स्वतःचं वर्कशॉप टाकलंय. फोरमन म्हणून ये म्हणतो. दसऱ्यापर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

सव्वीस दिवस.

७ सप्टेंबर

गाडी गोठ्यातून बाहेर काढायला तिघं लागले. वर पेंढा, गोण्या, कोंबडीनं सीटवर केलेलं घरटं.

मोटो गुझ्झी. इटलीतला एक म्हातारा फोनवर तिचे व्हिडिओ टाकतो, तो 'गुत्सी' म्हणतो. त्याची भाषा कळत नाही, हात कळतात. १९६२ची, पाचशे सीसी, एकच सिलिंडर आणि तोही आडवा झोपलेला. इंजिनाबाहेर उघडं फ्लायव्हील, जात्याच्या पाळीएवढं. खोपोलीच्या कुठल्याशा कंपनीत मशीनं बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता. सासरे त्याच्या हाताखाली फिटर. जाताना गाडी सासऱ्यांना देऊन गेला. एवढीच माहिती आहे.

रंग लाल, अर्धा उडालेला. टाकीवर पंख पसरलेला गरुड. म्हणजे असावा, कारण हळद-कुंकवाचा इतका जाड थर आहे की नुसती चोच दिसते. "विष्णूचं वाहन हाय," सासूबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून दर दसऱ्याला मीच लावते."

सासऱ्यांच्या हातच्या वस्तू मोजल्या. सीटवर दाभणानं शिवलेली ताडपत्री. उजव्या मुठीला सायकलची मूठ. दिव्याला स्कूटरची काच. सायलेन्सरला तांब्याच्या तारेचे अकरा वेढे, सगळे एकसारखे. मी त्यांना कधी बघितलं नाही, लग्नाच्या आधीच गेले. पण हात चांगला होता माणसाचा. हात ओळखता येतो.

सुप्रिया म्हणाली, "अहो, उद्यापासून पक्ष. पक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. अमावास्या होऊ दे." म्हणजे पंधरा दिवस गेले! मी काही बोलायच्या आत सासूबाईच आतून म्हणाल्या, "नवीन कुठं गं? जुनंच तर हाय."

९ सप्टेंबर

इंजिन जाम. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून लोंबकळलो, ढिम्म हललं नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलाय. वरून तेल सोडून मुरवायला हवं, पण सिलिंडर आडवा, तेल पिस्टनवर थांबणार कसं? मग गाडी पुन्हा गोठ्यात नेली आणि पुढचं चाक कासऱ्यानं बांधून तुळईला टांगलं. आता गाडी मागच्या चाकावर उभी, सिलिंडरचं तोंड वर. प्लग काढून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतलं.

सासूबाई म्हणाल्या, "घोडी उधळली जणू." हसल्या! मी त्यांना हसताना फार बघितलेलं नाही.

म्हशी मात्र बुजल्यात. एकीनं संध्याकाळचं दूध चोरलं.

१० सप्टेंबर

हललं नाही.

११ सप्टेंबर

नाही. वरून पाऊस.

१३ सप्टेंबर

आज कोर्ट भरलं. मी आरोपी, सासूबाई न्यायाधीश, सुप्रिया सरकारी वकील.

मी विचारलं, ऑइल नवं घालू का. सासूबाई: "ते पोटात जातंय. रोजचा भात काय जुनाच जेवतो का आपण? घाला." टायर? चिरा पडून बोटं जातायत आत. सासूबाईंनी विचार केला. "चपला झिजल्या तर बदलतोच की मानूस." टायर मंजूर. प्लग? सुप्रिया मधेच म्हणाली, "आई, तू एक नट बदलायचा नाही म्हणाली होतीस. आता प्लग, उद्या आणखी काही. मग अटीला अर्थ काय राहिला?" सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "प्लग नको. तोच साफ करा."

ठीक आहे. पॉलिश पेपरनं तोच घासला. चांगला निघाला.

पण सुप्रियाचं मला कळत नाही. आईला इतकी का घाबरते? चाळीस वर्षांची बाई. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिच्यासमोर कॅन घेऊन रांगेत उभं असतं. दुधात पाणी घातलेलं नुसत्या वासावर ओळखते, तोंडावर सांगते, आणि कुणाची हूं की चूं करायची टाप नाही. आणि आईसमोर मात्र अटीचा शब्द न् शब्द पाळायला बघते.

१५ सप्टेंबर

जितेशचा फोन. "दत्ता, खोली बघून ठेवलीय. मागं स्वतंत्र नळ आहे, वहिनींना आवडेल."

वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या "हो का" आणि कॅन धुवायला गेल्या.

पिस्टन जाम. मी जाम. संध्याकाळी दुधाचा टेंपो भरून दिला. ड्रायव्हर नवा होता. मागून हाक मारली, "ओ इंदूबाईचे जावई, दोरी द्या." नवा ड्रायव्हर! दोन दिवसांत त्याला पण कुणीतरी सांगितलं. दोरी दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मारणारा कुणी नाही आणि मार मात्र रोजचा.

१८ सप्टेंबर

सुटला!

सकाळी धार काढून झाल्यावर सवयीनं फ्लायव्हीलला हात घातला. आधी कर्र झालं. मग सूतभर. मग बोटभर. गाडी खाली उतरवली आणि पुढं-मागं, पुढं-मागं करत बसलो, तासभर. जबरदस्ती केली नाही. दुपारी पूर्ण फेरा बसला. आतला दाब अजून आहे, अंगठा प्लगच्या भोकावर धरला तर उडवून लावतो. त्रेसष्ट वर्षांचं इंजिन! बनवणाऱ्याचे पाय धरावेत.

इतका खूश झालो की सुप्रियाला जाऊन सांगितलं. फॅट बघायच्या मशीनवर होती. "छान," म्हणाली. एक बाई दूध सांडून गेली होती, ते पुसत राहिली.

सासूबाईंनी गूळ-खोबरं हातावर ठेवलं.

२० सप्टेंबर

टायर शोधताना देवेशचं नाव कळलं. मुंबईचा माणूस, कर्जतजवळ फार्महाऊस आहे, शेडमध्ये जुन्या गाड्या ठेवतो. आज स्वतः टायर घेऊन आला. गाडी बघून खाली मातीतच बसला, पांढऱ्या पँटसकट.

भला माणूस. पण त्याचं म्हणणं, ताडपत्री काढा, तार काढा, सायकलची मूठ काढा. "काका, ओरिजिनल म्हणजे फॅक्टरीतून निघाली तशी." ओट्यावरून सासूबाई: "वरिजनल मंजे त्यांनी ठेवली तशी." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी टायर चढवत राहिलो.

एक मात्र चांगलं सांगून गेला. रंगाला रंग लावू नका, घासू नका, उरलाय तेवढा जपा. आणि कुंकवाखाली सोनेरी गरुड शाबूत असेल, तेल लावून हलक्या हातानं थर काढा, बघा काय निघतं.

ते डोक्यात बसलंय.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

हातून चूक झाली. मोठी.

घरात घट बसवत होते. मी गोठ्यात. खोबरेल तेल लावलं, मऊ फडकं घेतलं, हलक्या हातानं. थर सुटला तो पापुद्र्यासारखा, अख्खाच. त्याच्यासोबत चोचही आली. खाली गरुड नाही. सोनेरी काही नाही. काळा पडलेला पत्रा, मधे गंज, कडेला थोडा लाल. कुंकवाचाच गरुड होता तो. मी पुसला.

वीस वर्षं लोकांना सांगितलं, आधी मोजा मग कापा. आणि मी!

लपवता येण्यासारखं नव्हतंच. सासूबाईंना बोलावलं. सुप्रिया मागोमाग आली. बघितलं आणि पटकन म्हणाली, "अट मोडली. आता राहू दे हे सगळं, झाकून ठेवा गाडी." आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखा होता तो आवाज. मला तेव्हा तिचाच राग आला, इतकी कसली घाई?

सासूबाई टाकीजवळ बसल्या. तळवा फिरवला. मग म्हणाल्या, "मीच खाल्ला की गरुड. ते होते तवा दर दसऱ्याला मी आदलं कुंकू लिंबानं पुसायचे आन् नवं लावायचे. लिंबानं गेला असनार. ते गेल्यावर पुसायला हात होईना, मग वरच लावत गेले."

म्हणजे तो थर एकोणीस वर्षांचा होता. माझ्या फडक्यात. मला रडायला आलं, खोटं कशाला लिहू.

सुप्रिया पुन्हा म्हणाली, "आई, अट—"

"अट माझी हाय ना? मग मोडली का नाय ते मी सांगन." उठल्या, पदरानं हात पुसला. "नाय मोडली. लागा कामाला, जावईबापू."

२३ सप्टेंबर

फडकं टाकवेना. धुतलं पण नाही. खिळ्याला अडकवलंय.

टाकीत चिंचेचं दाट पाणी आणि नदीतले बारीक गोटे घालून हलवतोय. आतला गंज लाल होऊन बाहेर येतो. हात भरून आले.

२४ सप्टेंबर

स्पार्क नाही. मॅग्नेटो मेलेला. बॅटरीवर नसते ही गाडी, मॅग्नेटोच वीज करतो. तो गेला की सगळं मुसळ केरात.

ओल धरली असेल या आशेवर काढून, फडक्यात बांधून तांदळाच्या कणगीत पुरला. सासूबाईंनीच सुचवलं. बियाणं, सुकी मिरची, आमच्या पोरीचा, सुरभीचा, पाण्यात पडलेला मोबाईल — या घरात ओल धरलेलं सगळं तांदळात जातं.

२६ सप्टेंबर

ओल गेली, तरी ठिणगी नाही. आतला कंडेन्सर कामातून गेला. इटलीतल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ तीनदा बघितला. तो जुन्याच्या पोटात नवीन शेंगदाण्याएवढा बसवतो. बाहेरून काही कळत नाही, पुन्हा काढताही येतो.

कर्जतहून आणला. अटीप्रमाणे हे चालत नाही. पण न सांगता बसवला तर कळणार कुणाला? आणि सहा दिवस उरलेत. बसवला. ठिणगी पडली — निळी, जाड, कडक. आनंद व्हायला पाहिजे होता. चोरासारखं वाटलं.

सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. त्याआधी सुप्रियाला रिकामं पाकीट सापडलं. सरळ आईसमोर नेऊन ठेवलं. "हे बघ. नवीन आणून टाकलंय यांनी."

बायको कुणाची आहे ही?

सासूबाई पाकीट उलटसुलट बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, "मागच्या साली माज्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आत प्लास्टिकचं भिंग बसवलं ना डाक्टरनं? मग मी काय बदलले का? इंदूच ऱ्हायले." आणि सुप्रियाला, हळू, "पुरं आता, सुप्रिया."

कसलं पुरं, ते मला कळलं नाही. सुप्रिया आत गेली.

म्हातारी एकेक सूट देत सुटलीय. अट घालताना वाटलं, हिला मला आयुष्यभर इथं डांबायचंय. आता वाटतं, मला बाहेर काढायची घाई माझ्यापेक्षा हिलाच जास्त आहे. नकोसा झालो असेन.

२८ सप्टेंबर

किकनं उलटा तडाखा दिला. घोटा सुजून टम्म. दिवसभर पन्नास-साठ किका, एक खोकला सोडून काही नाही. दुपारी गाडीला शिव्या दिल्या, मग सासऱ्यांना दिल्या, मग स्वतःला.

सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "चुकतंय तुमचं. आवाज तसा नाय येत."

"कसला आवाज?"

"ते चालू करायचे तसा. मी चुलीपाशी असायचे. बत्तीस-तेहतीस वरसं रोज सकाळी ऐकलाय." डोळे मिटले आणि सांगायला लागल्या. आधी टिक टिक टिक, सात वेळा, मग पेट्रोलचा वास घरात यायचा. मग एक फुस्स. मग चाक हळूहळू फिरल्याचा खर्रर्र. मग सगळं गप्प, एक श्वास घेण्याएवढं. मग एकच लाथ. "एकच. तुमी रेड्यावानी लाथाडताय."

टिक टिक म्हणजे कार्ब्युरेटरची घुंडी. फुस्स म्हणजे दाब सोडायचा खटका. तेवढं माझ्या ध्यानात आलं होतं. मग मी विचारलं, हँडलवर डावीकडे एक लहान दांडा आहे, सासरे त्याचं काय करायचे?

"त्यो चालू करताना घराकडं असायचा. चालू झाल्यावर जाताना रस्त्याकडं सारायचे. मला दिसायचं ना खिडकीतनं."

मी तो दांडा पहिल्यापासून रस्त्याकडे ठेवून लाथा घालत होतो. ठिणगी वेळेआधी पडत होती, म्हणून घोटा.

आज घोट्यावर हळदीचा लेप. उद्या.

२९ सप्टेंबर

सात वेळा टिक टिक. फुस्स. खर्रर्र. गप्प. दांडा घराकडे.

एकच लाथ नाही, तिसरी. पण चालू झाली!

ढप् — ढप् — ढप् — ढप्. इतकी सावकाश की दोन ठोक्यांच्या मधे वाटतं, आता बंद पडली. कोंबड्या कौलांवर गेल्या. कणगीतला उंदीर बाहेर आला. आळीतली माणसं जमली. सासूबाई ओट्याचा खांब धरून उभ्या. रडल्या नाहीत. मान मात्र ठोक्याला हलत होती. मी हँडल धरून मोठ्यानं हसत होतो, एकटाच, वेड्यासारखा.

सुप्रिया डेअरीच्या दारात होती. मी हात वर केला. तिनंही केला. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं, दुपारचे तीन वाजलेले असताना.

जितेशला फोन केला, येतोय.

३० सप्टेंबर

चौथ्या किकला चालू. सुप्रिया दोन दिवस धड बोलत नाही. घर सोडायचं म्हणजे वाईट वाटणारच. नाशिकला गेली की रुळेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

क्लच अजून ओढतोय, अर्ध्या तासाचं काम. पण हत्यारं नाहीत! सासूबाईंनी सकाळी सगळी पूजेला लावली. कोयते, विळे, कुऱ्हाड, सासऱ्यांचे पाने, माझेही पाने. आज हात लावायचा नाही, उद्या पूजा उतरल्यावर. मी म्हटलं, फक्त दहाचा पाना द्या. "आज हत्यारांचा इसावा," म्हणाल्या. गाडीवर इतक्या सवलती दिल्या, पण यात तसूभर हलल्या नाहीत.

माझा मायक्रोमीटरही मांडलाय. साजगावहून निघताना आणलेला, दोन वर्षं पेटीत होता. सासऱ्यांच्या कानसीशेजारी ठेवलाय, वर कुंकू आणि झेंडूचं फूल. मायक्रोमीटरवर कुंकू! बराच वेळ बघत बसलो.

२ ऑक्टोबर, दसरा

गेली. शिवेपल्याड गेली.

सकाळी पाना मिळाला, क्लच जमला. टाकीवर गरुडाच्या जागी सासूबाईंनी कुंकवाचं एक बोट ओढलं. एकच, बारीक. माझ्याकडे करंडा धरला आणि म्हणाल्या, "तुमी पण." मी ओढलं.

मग नऊवारीचा काष्टा आवरला आणि मागं बसल्या! बाहत्तराव्या वर्षी, एका बाजूला पाय सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून. विचारलं नाही, सांगितलं नाही. आळीतली पोरं मागं धावली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलंय, मधून रस्ता. दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. शिवेवरचा आंबा आला तसा वेग कमी केला, तर मागून कानात, "थांबू नका. जरा पुढं घ्या." पुढं घेतली. पुलापर्यंत.

पुलावर गाडी उभी केली. सासूबाईंनी आपट्याची पानं कमरेच्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. दर वर्षी मी आधी देतो, वाकून. आज त्यांनी आधी दिली. "दत्ता," म्हणाल्या. नावानं! "तुमी मोकळे. मनात काय ठेवू नका. माज्याबद्दल बी."

घरी आलो तर सुप्रिया ओवाळायला उभी. निरांजनाच्या उजेडात डोळे ओले दिसले. मला वाटलं, आनंदानं.

उद्या सकाळी आधी मी निघायचं, खोली लावायची, असं आमचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, ती "हं" म्हणाली. सुरभीची सहामाही झाली की दोघींना न्यायला यायचं.

३ ऑक्टोबर

ओट्यावर बॅग भरून ठेवलेली. उघडून बघितली. माझे सगळे कपडे. सगळे. थंडीचा स्वेटर, लग्नातला कोट, चष्म्याची जुनी घरं, मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळून. घरात माझं काही उरू नये अशी भरलेली.

"इतकं कशाला? मी दिवाळीत येतोच आहे तुम्हाला न्यायला."

सुप्रिया म्हणाली, "आम्ही येणार नाही. मी येणार नाही. अट आईची नव्हती, माझी होती. मीच तिला म्हटलं, आई, तू वाईट हो, मला त्यांच्याशी वाईट होता येत नाही. साजगावच्या खोलीत सहा वर्षं मी तुमच्या पाळ्या मोजत काढली. इथं मी कुणीतरी आहे. मला वाटलं, ती गाडी काही चालू होत नाही, तुम्ही इथंच राहाल."

सासूबाई गोठ्यात होत्या, आज शेण त्यांनीच काढलं. बाहेर आल्या नाहीत.

कर्जतची टमटम सव्वानऊला येते. आली, दोनदा हॉर्न वाजवला, गेली. पुढची अकराला आहे.